सात दिवसांची वाट : कोस्टा रिकाच्या किनाऱ्यांचा आणि जंगलांचा इतिहास

कोस्टा रिकाची आठवड्याभराची सहल आखणारे बहुतेक प्रवासी थोड्याफार फरकाने एकच वाट धरतात. राजधानी सान होसेला उतरायचे, कॅरिबियन बाजूच्या तोर्तुगेरोत कासवांसाठी दोन रात्री राहायचे, तिथून आरेनाल ज्वालामुखी गाठायचा, मोन्तेवेर्देच्या धुक्यातल्या जंगलात एखादा दिवस काढायचा आणि शेवटी पॅसिफिकवरच्या मानुएल आंतोनियोच्या वाळूत थांबायचे. देशाचे क्षेत्रफळ 51,100 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढे. एका अंगाला कॅरिबियन, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक आणि मधे 3,800 मीटरपर्यंत चढलेल्या डोंगररांगा. त्यामुळे दोन समुद्र, दोन तऱ्हेचे पावसाळे आणि तीन-चार प्रकारची जंगले एका आठवड्यात बसतात.

भूगोलाने मात्र एवढीच सोय करून दिली. या वाटेवरचे मुक्काम 1951 ते 1978 या काळात एकेक करून ठरले आणि ते ठरवणाऱ्यांच्या मनात पर्यटक जवळजवळ नव्हताच. कुणाला कासवांची स्थलांतरे समजून घ्यायची होती, कुणाला सैन्यभरती टाळून शांतपणे दूध-दुभत्यावर जगायचे होते, तर कुणाला गावचा किनारा परत हवा होता. त्यांनी राखलेल्या जागांवरून पर्यटन पुढे चालत आले. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर देशाचे आजचे रूप निसर्गाने आयते दिले असे वाटते. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथले जंगल जगात सर्वाधिक वेगाने नाहीसे होणाऱ्या जंगलांपैकी एक होते.

एकोणिसाव्या शतकात देश कॉफीवर चालत होता. कॉफी मधल्या पठारावर पिकायची आणि युरोपच्या बाजारात जायला अटलांटिक बाजूचे बंदर हवे होते. 1871 मध्ये सुरू झालेला लिमोन बंदराकडचा लोहमार्ग पुरा व्हायला 1890 उजाडले. त्याचे काम अंगावर घेणाऱ्या मायनर कीथने रुळांच्या कडेने केळी लावली आणि 1899 मध्ये त्यातूनच युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. रेल्वेच्या आणि केळीच्या कामासाठी जमैकातून हजारो माणसे आली आणि लिमोनच्या किनाऱ्यावर इंग्रजी-क्रिओल बोलणारा कृष्णवर्णीय समाज वसला. जंगल ही या काळात तोडून हटवायची गोष्ट होती. ज्याने झाडे पाडून जमीन मोकळी केली त्याने ती सुधारली, असे कायदाही मानत असे आणि मालकीहक्काचा दावा त्यावरच उभा राहत असे. 1950 नंतर अमेरिकेत स्वस्त गोमांसाची मागणी वाढली, बँकांनी गुरांसाठी कर्जे मोकळी केली आणि पॅसिफिक बाजूची अरण्ये भराभर कुरणे झाली. 1940 च्या दशकात देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. 1980 च्या दशकात तो साधारण चौथ्या हिश्श्यावर आला.

कासवांचा व्यापार याहून जुना. तोर्तुगेरोचा काळसर वाळूचा किनारा सुमारे 35 किलोमीटर लांब आहे आणि अटलांटिकमधल्या हिरव्या कासवांचे हे सर्वांत मोठे घरटी-क्षेत्र. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे हंगामी माणसे नेमली जात. त्यांना व्हेलादोर म्हणत. प्रत्येकाला किनाऱ्याचा साधारण मैलभराचा पट्टा वाटून दिलेला असे. रात्री तो आपल्या पट्ट्यात फेऱ्या मारी आणि अंडी घालायला वर आलेली मादी दिसली की तिला उलटी करून टाकी. शंभर-सव्वाशे किलोचे ते जनावर एकदा पाठीवर पडले की स्वतःहून सुलटे होऊ शकत नाही. सकाळी तिच्या परास दोरीने लाकडाचा ओंडका बांधून तिला पाण्यात लोटत. लाटांपलीकडे थांबलेली होडी तरंगत्या ओंडक्यांवरून कासवे हुडकून वर घेई. तिथून ती जहाजांवर जिवंत चढत, कारण कासवाच्या सूपला इंग्लंड-अमेरिकेत मोठी मागणी होती. अंडी घालण्याआधीच माद्या उचलल्या जात असल्याने एका मादीबरोबर तिची त्या हंगामातली शेकडो पिल्लेही संपत.

फ्लोरिडा विद्यापीठातला प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार 1950 च्या दशकात याच किनाऱ्यावर पोहोचला. त्याचा प्रश्न साधा होता : ही कासवे येतात कुठून आणि जातात कुठे? 1955 पासून त्याने अंडी घालून परतणाऱ्या माद्यांच्या परांना धातूचे बिल्ले लावायला सुरुवात केली. बिल्ला परत पाठवणाऱ्याला बक्षीस मिळेल असे त्यावर कोरलेले होते. कॅरिबियनभरच्या कोळ्यांनी पाठवलेल्या बिल्ल्यांवरून उलगडले की तोर्तुगेरोत अंडी घालणारी कासवे निकाराग्वाच्या मिस्किटो किनाऱ्यावरच्या समुद्री गवतावर चरतात आणि काही वर्षांच्या अंतराने पुन्हा याच वाळूवर अंडी घालायला येतात. 1956 मध्ये त्याचे ‘द विंडवर्ड रोड’ हे पुस्तक निघाले. ते वाचून अमेरिकेतली काही मंडळी एकत्र आली आणि 1959 मध्ये कॅरिबियन कॉन्झर्व्हेशन कॉर्पोरेशन ही संस्था उभी राहिली. तोर्तुगेरोतल्या तिच्या संशोधन-केंद्राचे काम समुद्री कासवांवरच्या जगातल्या सर्वांत दीर्घ चाललेल्या कामांपैकी एक. अमेरिकी नौदलाच्या विमानांतून पिल्ले कॅरिबियनभर नेऊन सोडण्याचा मोठा प्रयोगही 1960 च्या दशकात झाला. त्यातून नव्या वसाहती काही उभ्या राहिल्या नाहीत. किनाऱ्यावर पहारा आणि माद्यांना अभय हाच उपाय लागू पडला. 1975 मध्ये कायद्याने तोर्तुगेरो राष्ट्रीय उद्यान पक्के झाले.

गावात आजही गाडीचा रस्ता नाही. कालव्यातून होडीने किंवा छोट्या विमानाने यावे लागते. 1990 पासून गावातल्या तरुणांना वाटाडे म्हणून तयार करायला सुरुवात झाली. ज्यांचे बाप-आजे कासवे उलटी करत त्यांच्या पोटाला आता कासवे दाखवण्याचे काम मिळाले. किनाऱ्यावर रात्री विजेरी चालत नाही, कॅमेरा नेता येत नाही आणि मादी खड्डा खणून अंडी घालू लागेपर्यंत जवळ जाऊ देत नाहीत, कारण खणताना बिचकलेली मादी अंडी न घालताच समुद्रात परतते. एवढे सगळे होऊनही खुल्या समुद्रातली कायदेशीर शिकार चालूच होती. लिमोनच्या कोळ्यांना दिलेली ती मुभा 1999 मध्ये न्यायालयाच्या निकालाने संपली. उद्यानाची हद्द आखल्यावर प्राणी वाचले असे मानण्याची घाई किती धोक्याची आहे, हे त्या चोवीस वर्षांवरून दिसते.

डोंगरातल्या मोन्तेवेर्देची गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सुरू होते. फेअरहोप गावातल्या क्वेकर पंथीयांना शस्त्र धरणे मान्य नव्हते. सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल त्यांच्यातल्या चौघा तरुणांना 1949 मध्ये तुरुंगात जावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1 डिसेंबर 1948 रोजी, होसे फिगेरेस यांच्या सरकारने कोस्टा रिकाचे सैन्य विसर्जित केले होते. सैन्य नसलेला देश म्हणून या कुटुंबांनी तो निवडला. 1951 मध्ये सुमारे चाळीस माणसे तिलारान रांगेत आली, त्यांनी जमीन विकत घेतली, गाई पाळल्या आणि चीजचा कारखाना काढला. जमीन वाटून घेताना त्यांनी एक शहाणपणाचे काम केले : डोंगरमाथ्यावरचे सुमारे 550 हेक्टर जंगल कुणाच्याच वाट्याला न घालता पाण्यासाठी राखले. ओढे तिथूनच येत होते आणि कारखान्याची वीज त्याच पाण्यावर तयार व्हायची.

या राखीव माथ्याभोवती जॉर्ज पॉवेल या पक्षिअभ्यासकाच्या खटपटीतून 1972 मध्ये मोन्तेवेर्दे मेघवन राखीव क्षेत्र उभे राहिले. सान होसेच्या ट्रॉपिकल सायन्स सेंटरने त्याची जबाबदारी घेतली. ते सरकारी नाही, आजही खासगी संस्थेकडेच आहे. 1987 मध्ये स्वीडनमधल्या एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी इथले जंगल विकत घेण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली, इतर देशांतल्या शाळा मागोमाग आल्या आणि ‘मुलांचे चिरंतन वर्षावन’ या नावाने देशातले सर्वांत मोठे खासगी राखीव जंगल तयार झाले. लांब हिरव्या पिसांच्या केत्साल पक्ष्यासाठी लोक इथे येऊ लागले. रस्ता मात्र कच्चा आणि खडबडीतच राहू द्यावा, गर्दी आपोआप आवरेल, असा आग्रह गावातली बरीच मंडळी अनेक वर्षे धरून होती.

मोन्तेवेर्देने एक प्राणी कायमचा गमावलाही. सोनेरी भेक जगात फक्त इथल्या काही चौरस किलोमीटरच्या माथ्यावर होता. जे सॅव्हेज या शास्त्रज्ञाने 1966 मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. चकचकीत नारिंगी नर वर्षातले काही दिवसच, झाडांच्या मुळांत साचलेल्या पाण्यापाशी, समागमासाठी गोळा होत. 1987 मध्ये असे दीड हजारांहून अधिक भेक मोजले गेले. 1989 मध्ये एकच दिसला. त्यानंतर कुणाला एकही दिसला नाही आणि 2004 मध्ये ही जात नामशेष झाल्याचे जाहीर झाले. जंगल शाबूत होते, कुणी शिकार करत नव्हते, तरी हे घडले. बदलते कोरडे हवामान आणि बेडकांच्या कातडीला ग्रासणारी बुरशी ही त्याची कारणे सांगितली जातात. जगभरच्या बेडूकवर्गीय प्राण्यांवर संकट आले आहे, याची जाणीव करून देणाऱ्या पहिल्या घटनांत हिचा समावेश होतो.

निकोया द्वीपकल्पाच्या टोकावर काबो ब्लांको आहे. ठरलेल्या सात दिवसांच्या वाटेत ते सहसा नसते, तरी त्याला टाळून हा इतिहास सांगता येणार नाही. स्वीडनचे ओलोफ वेसबर्ग आणि डेन्मार्कच्या कारेन मोगेन्सेन हे जोडपे 1955 मध्ये मोन्तेसुमाजवळ फळबागा करायला आले. आसपासची झाडे पडताना पाहून टोकावरचे उरलेले जंगल वाचवण्यासाठी त्यांनी देशोदेशीच्या संस्थांना पत्रे लिहिली, पैसा उभा केला, सान होसेच्या कचेऱ्यांत खेटे घातले. 1963 मध्ये काबो ब्लांको राखीव जंगल जाहीर झाले. राष्ट्रीय उद्यानांचे खाते निघायला अजून सात वर्षे होती. पुढे ओसा द्वीपकल्पातल्या जंगलासाठी उद्यान करता येईल का, याची पाहणी करायला वेसबर्ग 1975 मध्ये तिकडे गेले असताना त्यांचा खून झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष दानिएल ओदुबेर यांनी ओसातले कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. कारेन यांनी काबो ब्लांकोची राखण 1994 मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाही.

सरकारी चौकट 1969 च्या वनकायद्याने आली. 1970 मध्ये मारिओ बोसा आणि आल्व्हारो उगाल्दे या तिशीच्या आतल्या दोघांच्या हाती उद्यानांचे नवे, जवळजवळ बिनपैशाचे खाते आले. त्यांनी आरंभाच्या जागा विचाराने निवडल्या. पोआस ज्वालामुखी राजधानीच्या जवळ होता आणि सान्ता रोसाच्या हवेलीपाशी 20 मार्च 1856 रोजी कोस्टा रिकाच्या लोकांनी अमेरिकी साहसवीर विल्यम वॉकरच्या भाडोत्री सैनिकांना पिटाळले होते. माकडांसाठी पैसा द्यायला कुरकुरणारे राजकारणी राष्ट्रीय स्मारकासाठी ‘नाही’ म्हणू शकले नाहीत, आणि स्मारकाच्या भोवतीचे पॅसिफिक बाजूचे दुर्मीळ शुष्क जंगल त्याबरोबर वाचले. राष्ट्राध्यक्ष फिगेरेस यांच्या पत्नी कारेन ऑल्सेन यांचे पाठबळही या दोघांना मिळाले. आरेनालची मात्र अशी कुणाला निवड करावी लागली नाही : 29 जुलै 1968 रोजी शांत समजला जाणारा तो डोंगर फुटला, जवळची वस्ती गाडली गेली, अनेक माणसे मेली आणि 2010 पर्यंत धुमसत राहिलेला तो शंकू लोक रात्री दुरून पाहायला येऊ लागले.

मानुएल आंतोनियोची लढाई समुद्रात उतरण्याच्या वाटेसाठी होती. जवळचे केपोस हे युनायटेड फ्रूटचे केळीबंदर. पनामा रोगाने केळी गेली, कंपनीने तिथे तेलताड लावला. पांढऱ्या वाळूचे किनारे खासगी परदेशी मालकांकडे होते. त्यांनी फाटक घालून वाट अडवल्यावर केपोसची माणसे खवळली, फाटके मोडली गेली आणि गावाने सरकारकडे धाव घेतली. 1972 मध्ये जागा ताब्यात घेऊन राष्ट्रीय उद्यान झाले. देशातल्या सर्वांत लहान उद्यानांपैकी हे एक. तरी तिथे छोटी खारमाकडे आहेत, स्लॉथ आहेत, आणि पूर्वी बेट असलेला पुंता कातेद्राल हा डोंगर वाळूच्या अरुंद पट्टीने मुख्य भूमीला जोडला गेलेला आहे. ओहोटीला पाण्याखालून दगडांच्या अर्धवर्तुळाकार रांगा उघड्या पडतात. स्पॅनिश येण्याआधीच्या इथल्या रहिवाशांनी कासवे अडकवण्यासाठी त्या रचल्याचे मानले जाते : भरतीला आत आलेले कासव पाणी उतरल्यावर भिंतीआड अडकायचे. पुढे 1977 च्या सागरी क्षेत्र कायद्याने भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा सार्वजनिक ठरवला आणि त्यातल्या पहिल्या 50 मीटरवर कुणालाही खासगी हक्क सांगता येणार नाही अशी तरतूद केली. किनाऱ्यावर गावकरी आणि हॉटेलात उतरलेला पाहुणा आज एकाच वाळूवर बसतात ते या कायद्यामुळे.

सगळीकडे गावे उद्यानांच्या बाजूने नव्हती. लिमोनच्या दक्षिणेला काउइताच्या प्रवाळ खडकांपाशी कासवांच्या मागावर आलेल्या कृष्णवर्णीय कोळ्यांच्या पिढ्यांनी नारळ आणि कोको लावला होता. 1949 पर्यंत या समाजाला पुरते नागरिकत्वही नव्हते. 1970 मध्ये त्यांच्या दारची जमीन संरक्षित झाली, 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान ठरली, आणि आपलीच शेते व मासेमारीच्या जागा परक्या झाल्याचे दुःख लोकांच्या मनात राहिले. ते रास्तच होते. 1994 मध्ये सरकारने परदेशी पाहुण्यांचे प्रवेशशुल्क एकदम 15 डॉलरवर नेले तेव्हा गावचा धंदा बसेल या भीतीने गावकऱ्यांनी उद्यानाच्या प्रवेशद्वाराचा ताबा घेतला. वाटाघाटींतून गाव आणि सरकार यांचा संयुक्त कारभार ठरला. गावाकडच्या दारातून लोक ऐच्छिक देणगी देऊन आत जातात आणि देशातल्या उद्यानव्यवस्थेत तो वेगळाच नमुना ठरला आहे.

पर्यटनाचा ओघ सुरू झाला तो या जागा राखल्या गेल्यावर. 1981 मध्ये देश कर्जाच्या गर्तेत गेला, गोमांसाचे भाव उतरले, सरकारला परकीय चलन हवे होते. 1985 च्या कायद्याने हॉटेले, गाड्या भाड्याने देणारे व्यावसायिक आणि सहल-कंपन्यांना करसवलती दिल्या. शेजारी निकाराग्वात युद्ध पेटलेले असताना राष्ट्राध्यक्ष ओस्कार आरियास यांना 1987 चे शांततेचे नोबेल मिळाले आणि सुरक्षित देश म्हणून नाव जगभर गेले. संशोधकांच्या मागोमाग पक्षिनिरीक्षक, त्यांच्या मागोमाग कुटुंबे. 1993 च्या सुमारास पर्यटनाचे उत्पन्न केळीच्या पुढे गेले. 1999 मध्ये वर्षाला दहा लाख पाहुणे झाले, 2019 मध्ये तीस लाखांहून अधिक. 1996 च्या वनकायद्याने नैसर्गिक जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली आणि इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला सुरू झाला. देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा झाडांखाली आहे.

या गोष्टीचे आपल्या कोकणाशी नाते जुळते ते पॅसिफिकवरच्या ओस्तिओनालच्या किनाऱ्यावर. इथे ऑलिव्ह रिडले कासवे एकाच वेळी हजारोंनी, कधी लाखांनी वर येतात. पहिल्या रात्रीच्या कासवांनी पुरलेली अंडी पुढच्या रात्रीच्या कासवांच्या खणण्यात फुटतात आणि वाया जातात. म्हणून 1987 पासून गावकऱ्यांना प्रत्येक लोंढ्याच्या सुरुवातीच्या काही तासांत ठरावीक अंडी काढायची परवानगी आहे. पुरुष टाचांनी वाळू चाचपत चालतात. पायाखाली भुसभुशीत लागले की घरटे सापडले. बायका खणून पिशव्या भरतात. त्याबदल्यात गाव किनारा साफ करते, कुत्री-गिधाडे हाकलते आणि पिल्ले पाण्यात पोहोचेपर्यंत राखण करते. याच जातीची कासवे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला येतात, पण तिथे ती तुरळक. एकेक घरटे मोलाचे असल्याने सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांसह 2002 पासून अंडी कुंपणाच्या आत हलवून सांभाळण्याची पद्धत रुजवली आणि पिल्ले सोडताना पाहायला येणाऱ्यांची सोय गावातल्या घरांत होऊ लागली. कासव तेच, उपाय उलटे, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य.

पॅसिफिकचे सगळे किनारे मात्र असे सावरले नाहीत. प्लाया ग्रांदेवर 1980 च्या दशकाच्या अखेरीस एका हंगामात हजाराहून अधिक लेदरबॅक माद्या येत. अंड्यांची वर्षानुवर्षांची लूट आणि समुद्रातली लांब दोरीची मासेमारी यांमुळे आता ही संख्या मूठभरांवर आली आहे. 1990 च्या दशकात इथे उद्यान झाले तेव्हा उशीर झाला होता.

या इतिहासामुळे सात दिवसांच्या आखणीला काही नियम चिकटले आहेत. पॅसिफिक बाजू डिसेंबर ते एप्रिल कोरडी असते, तर तोर्तुगेरोत हिरवी कासवे जुलै ते ऑक्टोबरात येतात. त्यामुळे कोरडी वाळू आणि अंडी घालणारी कासवे दोन्ही एकाच सहलीत क्वचितच साधतात. कोर्कोवादोत 2014 पासून वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. मानुएल आंतोनियो मंगळवारी बंद असते, रोजच्या पाहुण्यांची संख्या ठरलेली आहे आणि माकडे-रॅकून पिशव्या हिसकावू लागल्याने खाद्यपदार्थ आत नेण्यावर बंधने आली आहेत. तोर्तुगेरोत रात्रीच्या किनाऱ्यावर परवानाधारक वाटाड्याबरोबरच, छोट्या गटाने आणि नेमून दिलेल्या वेळेतच जाता येते.